शंभरात सहा

२ जून, सोमवार

नोकरी लागली एकदाची! इस्पितळाचा नोंदणी विभाग, खिडकीजवळचं टेबल आणि फिरती खुर्ची. खुर्चीचं एक चाक इतकं हट्टी की सकाळभर मी आपोआप डावीकडे सरकत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कागदाची घडी चाकाखाली सारली, आपल्यातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला आणि सांगून टाकलं की इथे सगळे त्यांना धाकटी म्हणतात. पन्नाशीची बाई, आणि धाकटी! कारण इस्पितळाचे मोठे डॉक्टर तिचे सख्खे भाऊ. चारचौघांतही ती त्यांना दादाच म्हणते.

मीही माझ्या भावाला दादाच म्हणायचे.

दिवसभर हसून हसून गाल दुखले. गोगलगाय नि पोटात पाय, असं आई मला म्हणायची. आई मला ओळखून होती.

४ जून, बुधवार

काम समजलं. रोज सकाळी नर्स प्रत्येक रुग्णाचा कागद आणून देते: वय, ताप, नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी. आम्ही ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं. कॉम्प्युटर एक आकडा देतो. हा माणूस बरा होऊन घरी जाण्याची शक्यता शंभरात किती, तो आकडा. दहाच्या खाली आला की खाटेला पिवळी चिठ्ठी. तिच्यावर नाव नसतं, फक्त खाटेचा नंबर आणि आकडा. ओळखपाळख निघाली की कामाचा हात कचरतो, असं मोठ्या डॉक्टरांचं मत. भिंतीवर त्यांच्या अक्षरातली पाटीच आहे: तोंड बघू नका, आकडा बघा.

चिठ्ठी लागली की खाट टोकाच्या खोलीत जाते. तिथे कोणी वाईट वागत नाही. फक्त सगळं शेवटी. औषध शेवटी, जेवण शेवटी, घंटेचं उत्तर शेवटी. आरडाओरडा नको म्हणून गुंगीचं इंजेक्शन तेवढं वेळेवर.

आठ वर्षांत एकही पिवळा आकडा चुकला नाही, असं धाकटीने कौतुकाने सांगितलं. वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स, जिला सगळे मावशी म्हणतात, ती म्हणाली की देवालासुद्धा एवढं जमत नाही, तो निदान मधूनमधून मन तरी बदलतो. सगळे हसले. मीही हसले. अगं बायांनो, रोपाचं पाणी तोडायचं, आणि वाळलं की आम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून मिरवायचं! यात कॉम्प्युटरची कसली आलीय हुशारी?

९ जून, सोमवार

आता लिहूनच टाकते. दादाचा आकडा सहा होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. छातीत कफ साठला होता, पण याच इस्पितळाच्या पायऱ्या स्वतः चढला, वर पिशवी मी का उचलली म्हणून माझ्याशी भांडला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लागली. टोकाच्या खोलीत नातेवाइकांना जायची परवानगी नाही असं सांगितलं, म्हणून मी काचेबाहेर उभी. दुपारी बारापासून त्याने घंटेचं बटण दाबून धरलं होतं. बाहेरच्या फळ्यावर त्याच्या खाटेचा दिवा पेटलेला, आणि त्या दिव्याखाली दोन नर्स चपलांचं बोलत होत्या. गुरुवार होता. चार वाजून दहा मिनिटांनी बोट सुटलं. दिवा तसाच जळत राहिला.

मोठे डॉक्टर येऊन मला म्हणाले होते की ताई, आकडा आधीच सांगत होता, वाईट वाटून घेऊ नका. माझा चेहरा त्यांना आज आठवत नाही, कारण तेव्हाही त्यांनी तो पाहिला नव्हता. माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे इतर कोणाला संशय यायचंही कारण नाही. पण त्या 'ताई'साठी तरी मी या माणसाला सोडणार नाही.

दादाचा कागद माझ्याकडे आहे. एकूण एक आकडा शाबूत.

२४ जून, मंगळवार

माझं नशीब फळफळलं. मोठे डॉक्टर स्वतःच दाखल झाले. पित्ताशयातले खडे, साधं ऑपरेशन. सकाळीच उरकलं. वेगळी खोली नको, मलाही सगळ्यांसारखाच नियम, असं मोठेपणाने सांगून चौदा नंबरच्या खाटेवर झोपलेत. धाकटीला परगावी लग्नाला जायचं होतं, ती दादांकडे लक्ष ठेव असं मलाच सांगून गेली.

ठेवणार. ठेवणार नाही तर काय!

२५ जून, बुधवार

खाट चौदाचा कागद समोर ठेवला आणि भरले माझ्या दादाचे आकडे. उत्तर आलं: सहा.

मावशीने चिठ्ठी वाचली. मग खाटेवरचं तोंड पाहिलं. ती थांबली. मला वाटलं, झालं, फसलं! पण तिने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं आणि मान खाली घालून खाट ढकलायला लागली.

करावे तसे भरावे.

२६ जून, गुरुवार

टाके आतून सुटले असावेत. सकाळपासून पोट फुगत होतं. त्यांनी बटण दाबलं. दिवा पेटला. कोणी गेलं नाही. मी त्याच काचेशी उभी राहिले, त्याच फरशीवर.

ते ओरडून सांगत होते की मी इथला मोठा डॉक्टर आहे. नर्स म्हणाली की पिवळे असंच काहीबाही बरळतात. इंजेक्शन दिलं.

बोट सुटलं तेव्हा घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय!

डबा पूर्ण संपवला. गार झाला होता तरी गोड लागला.

३० जून, सोमवार

धाकटी कामावर आली. रडली नाही. नेहमीसारखा अर्धा चहा मला दिला. मग कपात बघत हळूच म्हणाली की खाट चौदाचा मूळ कागद तिने पुन्हा भरून पाहिला. सत्त्याण्णव आले.

मी पुढचा कागद भरायला घेतला.

थोड्या वेळाने तिने माझं माहेरचं आडनाव विचारलं. मी दुसरंच सांगितलं. तिने लिहून घेतलं. कशाला लिहून घेतलं?

१ जुलै, मंगळवार

दादाचा कागद खणात नाही. खण तीनदा उपसला.

धाकटीने कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी काढली आहे. माझी नाडी तिने स्वतः पाहिली. बोटं गार होती. बराच वेळ सोडलाच नाही हात.

डबा तसाच परत नेला. नोकरी सोडून पळावं, पण तो कागद इथे ठेवून कशी जाऊ? त्यावर दादाचं नाव आहे. माझ्या माहेरचं आडनाव —

२ जुलै, बुधवार

आज मला कोणी हाक मारली नाही. मावशी समोरून गेली, तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

चहा कडू होता. तरी प्यायले. नाही म्हटलं असतं तर तिला कळलं असतं.

कळलंच आहे तिला.

खुर्ची डावीकडे सरकते आहे. चाकाखालचा कागद कोणी काढला — अक्षरं दोन दोन —

३ जुलै

खाट. माझी! वही खिशात होती म्हणून —

पायाशी पिवळी चिठ्ठी. उलटी दिसते, तरी वाचता येते. सहा.

मावशीला सांगितलं, अहो मी नोंदणीतली, मला काही झालेलं नाही. तिने डोक्यावरून हात फिरवला. सगळे असंच म्हणतात म्हणाली. इंजेक्शन. हे तिसरं.

बटण दाबून धरलंय. डाव्या हाताने. काचेपलीकडे फळा दिसतो. दिवा पेटलाय. चपलांचं बोलतायत.

आज वार कोणता?

धाकटी काचेशी उभी आहे. हातात कप. दुसऱ्या हातात दादाचा कागद. घड्याळाकडे बघते आहे.

चार वाजून पाच.

दार दिसतं इथून. अर्धवट उघडंच आहे. त्याला कुलूप नाही. कडीसुद्धा नाही. कधी नव्हतीच. दादा, तू मला बघत होतास का रे तेव्हा? मी बाहेर उभी होते चार तास. मीही आकडा वाचला होता. दार नुसतं ढकललं असतं तर —

दादा, मी का नाही —