हॉल तिकीट न आलेलं वर्ष

कुंडल,
१२ फेब्रुवारी १९७६

प्रिय वत्सू,

तुझं पत्र परवाच आलं. लगेच लिहायला बसले होते, पण दोन कागद फाडले. इकडे ऊस तुटून गेलाय, रान उघडंबोडकं दिसतं. आईचे गुडघे पुन्हा धरलेत. मी घरीच शिवणाचं मशीन चालवते. पोलकी, परकर, शाळेचे सदरे. हात रिकामे राहत नाहीत, एवढंच.

मी सांगलीचं कॉलेज सोडलं ते टायफॉईडमुळे, असं तुला आपल्या घरच्यांनी सांगितलं. मला टायफॉईड झालाच नव्हता. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस, म्हणून मीही गप्प राहिले. आज सगळं सांगते.

मी सतरा वर्षांची होते. लालासाहेब माझ्यापुढे एक वर्ष होता, इस्लामपूरकडचा. आधी त्यानं नोट्स दिल्या, मग आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायला लागलो. माझ्याशी इतकं मऊ कुणी बोललं नव्हतं. अण्णा तेव्हा पलटणीबरोबर जोधपूरला होते, महिन्याला लेकीसाठी सत्तर रुपयांची मनीऑर्डर करायचे. एकदा माझे पाच रुपये हरवले, तर तो म्हणाला, "तुला व्यवहार जमत नाही. माझ्याकडे ठेवत जा. लग्नानंतर तेच करायचंय ना?" मला ते प्रेमच वाटलं. पुढे तो पहिल्या तारखेला होस्टेलच्या फाटकाशीच उभा राहायला लागला. पोस्टाचं पासबुकही त्याच्याकडे गेलं, आणि पैसे काढायच्या कोऱ्या फॉर्मांवर मी सह्या करून दिल्या.

मग साबणाला पैसे हवे असले तरी मागायचे. कशाला, किती, परवाचे कुठे गेले? एकदा मैत्रिणीबरोबर भेळ खाल्ली तर चार दिवस बोलला नाही, आणि मीच माफी मागितली. आजीच्या कुड्या त्यानं घड्याळासाठी मोडायला लावल्या. आईला मी सांगितलं, नदीवर पडल्या. ती काठावर जाऊन शोधायला निघाली होती, वत्सू.

परीक्षेची फी त्यानं "भरली" म्हणून सांगितलं. सगळ्यांची हॉल तिकिटं आली, माझं आलं नाही. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "तुझी पत्रं आहेत माझ्याकडे. अण्णांच्या पत्त्यावर पाठवू?"

मी एका सरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता, मुलींनी असल्या भानगडीत पडू नये म्हणून सांगितलं. त्यानंतर आठवडाभर मी कुणाकडेच गेले नाही. मेसचं बिल थकलं होतं, म्हणून जेवायलाही जायची नाही. शेवटी मेसच्या सुलाबाईच माझ्या खोलीवर भाकरी घेऊन आल्या. त्यांच्यापुढे मला रडू आवरेना. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पैसं तुजं, आन मागतीस तू? त्यो पत्रं धाडायच्या आदी तूच बापाला लिव्ह. आत्ता, माज्यासमोर." मी लिहिलं. पोस्टाच्या पेटीत त्यांनीच टाकलं.

अण्णा रजा काढून आले. सांगलीच्या स्टँडवर बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं मारतील. पण ते एवढंच म्हणाले, "आदी का न्हाई कळवलंस गं?" संध्याकाळी एकटेच जाऊन पत्रं आणि पासबुक घेऊन आले. पासबुकात तीन रुपये होते. पत्रं त्यांनी न वाचता मला दिली. पण दुसऱ्या दिवशी माझी ट्रंकही गाडीवर चढवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, पण कॉलेजला परत पाठवलं नाही. टायफॉईडचं त्यांनीच ठरवलं. लालासाहेबचं मात्र काही अडलं नाही. त्यानं परीक्षा दिली, पास झाला. अजूनही जूनमध्ये पुस्तकं घेऊन एसटीला उभ्या राहिलेल्या मुली दिसल्या की मी मशीन जोरात चालवते.

आता तुझ्या पत्राविषयी. तू चाळीस रुपये मागितलेस, फीची मुदत पुढच्या बुधवारी संपते म्हणालीस. मावशीनं, तुझ्या आईनं, फी जानेवारीतच पाठवलीय, हे मला ठाऊक आहे. कारण विचारू नको, आईला कळवू नको, चूक माझीच आहे, असं तू लिहिलंस. हॉल तिकीट आलं नाही त्या महिन्यात मीही माझ्या आईला अगदी हेच लिहून फाडलं होतं. मी चाळीस रुपये पाठवत नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं ते घेऊन मीच साताऱ्याला तुझ्या होस्टेलवर येते. फी ऑफिसात माझ्या हातानं भरीन. मावशीला मी काही बोललेले नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा तूच सांग, मी शेजारी बसेन. माझा अंदाज चुकला असेल तर मला हसून घे. चुकला नसेल तर त्या दिवशी एक शब्दही बोलू नकोस हवं तर. फाटकाशी कुणी उभं असलं तरी खाली ये, आणि माझ्याबरोबर ऑफिसापर्यंत चाल.

तुझीच,
क्षमाताई