चिमणी_५८ विरुद्धची तक्रार

लोहारा, यवतमाळ
बुधवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं

आदरणीय रुखमाबाईस,

धाकट्या भावाचा, अश्वजितचा, सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? खाणीतली नोकरी सुटली, तसा भाऊजींचा खोकलाही सुटला का? इकडे आम्ही बरे आहोत. (तुझी भावजय दीपा जरा जास्तच बरी आहे. सोमवारपासून माझ्याकडे बघून हसते. त्याचं कारण पुढे येईल.)

आधी एक नोंद करतो. मोटार वाइंडिंगच्या माझ्या दुकानात या दोन हातांनी मी आजवर काय काय बनवलं: एक, सायकलच्या जुन्या हबपासून मोटारीच्या तारेचे वेढे मोजायचं यंत्र (हजारात एकाचीही चूक नाही). दोन, थेंबभर पाणी बाहेर न उडवणारे दोन कूलर. तीन, जळालेल्या मोटारीच्या पत्र्यांचा मोबाईल स्टँड. चार, औटकीचा, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचा, शंभरापर्यंतचा तक्ता. हे सगळं नववी नापास माणसाने, कोणीही न शिकवता.

तर या स्टँडवर मोबाईल ठेवून मी तोंडी हिशेबाच्या ऑनलाइन स्पर्धेत उतरलो. स्क्रीनवर काही आकडे येतात, वर एक उत्तर दिलेलं असतं. साठ सेकंदांत आकडे जुळवून त्या उत्तरापर्यंत पोचायचं, कागद-पेन्सिल बंद. जो आधी पोचला त्याचा गुण, जो सामना हरला तो घरी. चौसष्ट जण होते. मी चार सामने जिंकून शेवटच्या चारांत आलो. गाफील मात्र राहिलो नाही. अॅपचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, ते मिनिटामागे चार दशांश सेकंद हळू चालतं. तिसऱ्या सामन्यात दीपाने ऐन वेळी मिक्सर लावला. मुद्दाम लावला असाच मला संशय होता, पण चटणी खरोखरच निघाली म्हणून सोडून दिलं.

शुक्रवारी समोर आली चिमणी_५८. (चेहरा दिसत नाही, फक्त नाव दिसतं.) मला नावाचाच संशय आला. असं घरगुती नाव ठेवून माणसाला ढिला करायचा, ही आयोजकांची चाल असणार. ५८ हा मी यंत्राचा मॉडेल नंबर समजलो. माझी सरासरी अकरा सेकंदांची, हिची नऊची. पहिल्या कोड्यालाही नऊ, दहाव्यालाही नऊ. माणूस मध्ये नाक तरी पुसतो की नाही? अकराव्या कोड्याला मात्र ती साठही सेकंद गप्प. मी ताडलं, यंत्र तापलं. मोटारही अशीच बसते. शेवटी एकवीस कोड्यांत बारा-नऊने मी हरलो.

मी हरत नाही असं नाही, पण यंत्राकडून हरणार नाही. रात्रीच सहा मुद्द्यांची तक्रार पाठवली, वेळांच्या तक्त्यासह. शनिवारी आयोजकांनी चिमणीला बाद केलं आणि मला परत घेतलं. दिवसभर मी दुकानात शीळ घालत होतो.

सोमवारी आयोजकांनी सगळ्याच खेळाडूंच्या पायऱ्यांची नोंद पाठवली. एका कोड्यात ४६, ७ आणि २ होते, उत्तर १६१. कोणीही शहाणा माणूस आधी सेहेचाळीस साते करील, मग निम्मे करील. यंत्रही तेच करील. चिमणीने आधी सातचे निम्मे केले आणि मग सेहेचाळीस औट एकशे एकसष्ट. नोंदीत असला उलटा रस्ता धरणारे दोघेच निघाले. एक ती, दुसरा मी.

म्हणून सहज विचारतो, वणीत चिमणी_५८ नावाचं कोणी तुझ्या ओळखीचं आहे का?

तुझा भाऊ,
अश्वजित

ता. क. १ : पाकीट चिकटवण्याआधी दीपाने पत्र वाचलं. म्हणाली, "अवो, बाईले तक्रार करून तुमीच बाहेर काढलं, आन् आता बाईलेच पुसून राह्यले चिमणी कोन म्हनून? मामाजी बाईले काय म्हनून हाक मारत?" बाबा तुला चिमणी म्हणायचे आणि ५८ हे तुझं वय, हे मला माहीत आहे. सोमवारपासून माहीत आहे. पण लिहवत नव्हतं.

ता. क. २ : माझी तक्रार चुकीची होती, समोर यंत्र नव्हतं, सख्खी बहीण होती, असं मी आयोजकांना कळवलं आहे. ते रविवारी चारला सामना पुन्हा घेतात, पण शनिवारपर्यंत अॅपवर तुझा होकार हवा. तू रागाने अॅपच काढून टाकलंस, असं दीपाकडून कळलं. ते परत टाक. (फोन केला नाही, कारण खेळाडूंनी आपसात फोन करायला बंदी आहे. पत्राला नाही. नियमांची एकवीसही कलमं वाचली. हे पत्र वणीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो.) दूध आधी तापवून ठेव, अकराव्या कोड्याला तेच उतू गेलं असणार. आणि मला जिंकू देऊ नकोस, मला कळेल. वरच्या यादीतलं चौथं खोडून टाक. पाथीला पाथ (ओळीला ओळ) लावून कापूस वेचताना तू पुढे औटकी म्हणायचीस, मी मागून म्हणायचो. तक्ता माझा आहे, पाढा तुझा.

ता. क. ३ : नोंद असावी म्हणून. काल आयोजकांनी विचारलं होतं, "सामना कशाला पुन्हा? तिला बाद राहू द्या, तुम्ही थेट अंतिम फेरीत, हरलात तरी बक्षीस नक्की." मी नाही म्हटलं. रक्कम साडेसतरा हजार. म्हणजे पाच हजार औट.