ल्युबेनची पाणपोई

सुहोदोल, ९ नोव्हेंबर

चि. नेव्याना,

तुला आणि माझ्या नातीला, कालिनाला खूप आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा तेवढा माझ्याआधी म्हातारा झालाय. यंदा मिरच्या उदंड आल्या, चटणीच्या बावीस बरण्या भरून ठेवल्यात. शेजारची पेना म्हणाली, "वेल्को, पलटण जेवायला बोलावलीयस का?" दोनच दात उरलेत तिचे, पण जीभ होती तशीच आहे.

नऊ वर्षांनी सासऱ्याचं पत्र आलंय म्हणून फाडू नकोस पोरी. शेवटपर्यंत वाच. एवढंच मागतो.

इकडची मोठी बातमी म्हणजे आपली पाइपलाइन बदलतायत. झऱ्यापासून पठारावरच्या पंधरा गावांपर्यंत, सगळी अडतीस किलोमीटर. जुना सिमेंटचा पाइप इतका गळत होता की निम्मं पाणी जमीनच प्यायची. आता शेजारून काळा प्लॅस्टिकचा पाइप टाकतायत. चौतीस वर्षं मी ती लाइन पायी तपासली. कंपनीच्या नकाशात अर्ध्या जोडण्या नाहीतच, म्हणून रालित्सा नावाची इंजिनीअर मुलगी मला रोज गाडीत घालून नेते. मी काठी टेकवून सांगतो, इथे खण. असे चाळीस फाटे दाखवले. एकेचाळिसावा लपवला.

तो ल्युबेनच्या पाणपोईचा. माझं पोर गेलं आणि तू गाव सोडलंस, त्यानंतर मी वळणावरच्या अक्रोडाखाली त्याच्या नावाने दगडी पाणपोई बांधली. परवानगी कोण देतंय? रिटायर व्हायच्या आधी मीच मुख्य पाइपला भोक पाडलं. वर त्याचा फोटो बसवलाय, तुमच्या लग्नातला. तुला त्यातून कापून काढलं. तेही आज सांगून टाकतो.

येणारा-जाणारा पाणी पितो आणि आपल्या रिवाजाप्रमाणे म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." मी बाकावर बसून ऐकत असतो. ल्युबेनने असं काय केलं होतं क्षमा करण्याजोगं? ती क्षमा मी गुपचूप माझ्याकडे घ्यायचो. रोज जायचो त्यासाठी.

मंगळवारी नेमका तिथेच जोडणीसाठी जुना पाइप कापायचा होता. चार माणसं उतरली, नखशिखान्त पांढरे कपडे, तोंडावर मुखवटे. एकजण पाइपवर सारखं पाणी मारत होता. मला हसू आलं. म्हटलं, "काय रे, चंद्रावर निघालात की काय?"

रालित्सा ओरडली, "आजोबा, मागे व्हा! अ‍ॅस्बेस्टॉस आहे त्यात, धूळ फुप्फुसात बसते." मग जवळ येऊन विचारलं, "तुम्ही कसं कापायचात?"

"कोरडं," मी म्हटलं. "पाणी मारलं की चिखल होतो, वेळ जातो."

मग म्हणाली, "आणि कपडे घरी कोण धुवायचं?"



तू धुवायचीस, नेव्याना. धुण्याआधी अंगणात काठीवर टाकून झटकायचीस, आणि त्या पांढऱ्या धुरळ्यात कालिना दुडदुडत यायची. तू हसून म्हणायचीस, "बाबा, तुमचा मुलगा लाइनवर जातो की पिठाच्या गिरणीत?"

आता जे नऊ वर्षं गिळलं ते लिहितो. ल्युबेन सिगारेटने गेला नाही. त्याला ट्रक चालवायचा होता, मी हट्टाने माझ्या हाताखाली घेतला. पहिल्या आठवड्यात त्याने तोंडाला रुमाल बांधला, तर सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काय रे, नवरी झालास की काय?" लाजला बिचारा. रुमाल खिशात घातला, पुन्हा कधी बांधला नाही. चौदा वर्षं ती धूळ त्याने माझ्याबरोबर खाल्ली. मला मेल्याला काही झालं नाही.

तो जायच्या तीन आठवडे आधी डॉक्टरने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, कागदही दिला. मी तो कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. आणि अंत्यविधीच्या जेवणाला, भरल्या पंगतीत, तुझ्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हिला साधी सिगारेट सोडवता आली नाही. माझं पोर हिने खाल्लं." तू लोकांना वाटत होतीस तो उकडलेल्या गव्हाचा वाडगा खाली ठेवलास, कालिनाला उचललंस आणि निघून गेलीस. मला माहीत होतं ग. बोलतानाही माहीत होतं.

त्या कागदात खाली एक ओळ आहे. घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा, कपडे धुणारीला आधी. ती मी तुला सांगितली असती तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून नाही सांगितली. एवढा नीच माणूस आहे मी.

पेनाची भाची तुमच्या रुसे शहरात राहते. ती म्हणाली, तुमची सून जिना चढताना दोनदा थांबते, खोकते. हे मी एप्रिलात, इस्टरला ऐकलं. आज नोव्हेंबर आहे.

मंगळवारी संध्याकाळी जुनी लाइन बंद केली आणि पाणपोई आटली. रालित्साला मी सगळं सांगितलं, तो फाटाही सांगितला. पोरगी भली आहे. म्हणाली, "अर्ज करा, नव्या पाइपला जोडून देते." मी नको म्हटलं. तिथे पाणी आलं की मी पुन्हा बाकावर जाऊन बसेन आणि लोकांच्या तोंडून फुकटची क्षमा घेत राहीन. काल बाकही उचलून आणला.

डॉक्टरचा कागद सोबत पाठवतोय. घडीवर शिवणीची भोकं आहेत, पण अक्षर वाचता येतं. सोमवारी रुसेच्या मोठ्या दवाखान्यात जा. छातीचा फोटो काढून घे, हा कागद दाखव, कालिनालाही ने. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आधी जाऊन ये. मी त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा असेन. तुला वाटलं तर बघ, नाहीतर सरळ आत जा, मी हाक मारणार नाही.

पूर्वी खाली 'तुझे बाबा' लिहायचो. आज हात धजत नाही.

ल्युबेनचा बाप,
वेल्को