मान वर केलेली बाई

२ मार्च, लातूर
आमच्या पंचवीस वर्षांच्या अखंड अप्रसिद्धीस आज ग्रहण लागले. शाळेत शिपाई येऊन सांगून गेला, "सर, साहेबांनी बोलावलंय. मूर्तीचं काम हाय."
नव्या जिल्ह्याची नवी कचेरी. तिच्या प्रवेशद्वारी भाजक्या मातीची, पुरुषभर उंचीची स्त्रीमूर्ती हवी. (खाते कोणते ते लिहीत नाही. ही रोजनिशी सौ. वाचते, आणि सौ.च्या भावाच्या बदलीचा अर्ज त्याच खात्यात समाधिस्थ आहे.) विषय : 'जलसंस्कृती'. टँकरच्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असतो अशा गावात हा विषय सुचणारी प्रज्ञा सामान्य नव्हे.
होकार दिला. इतक्या त्वरेने, की साहेबांनाच अवघडल्यासारखे झाले.

५ मार्च
कलाजीवनाचे सिंहावलोकन. मुंबईच्या कलाशाळेत मृत्तिकाशिल्पाचे पदक. तदनंतर येथे चित्रकला-शिक्षक. निर्मिती : निळ्या कोटातले अर्धपुतळे, पोळ्याचे बैल, संस्थाचालकांच्या दिवंगत तीर्थरूपांचा मुखवटा (नाक दोनदा बदलले, कुटुंबीयांना मूळचे मान्य नव्हते). स्वतःच्या मनाचे असे काही... असो.
सौ. म्हणते, "साधं लिहा की. कुणाला दाखवायचंय?" कुणालाच नाही. पण ज्या भाषेचे अक्षर कानी पडू नये म्हणून आमच्या पणजोबांना वेशीबाहेर ठेवले, ती आम्ही यथेच्छ वापरणार. वापरून वापरून झिजवणार.

९ मार्च
आटलेल्या तळ्यातून बैलगाडीभर गाळ आणला. अवर्षणाचा कलेस झालेला एकमेव लाभ : एरवी पाण्याखाली दडलेली लोण्यासारखी माती उघडी पडली आहे. बाकी सर्वत्र भेगा.
फलकासाठी साहेबांनी 'प्रेरणास्थान' मागितले. "प्राचीन दक्षिणापथाची शिल्पपरंपरा," असे गंभीर मुद्रेने सांगितले. साहेब प्रसन्न.
खरे प्रेरणास्थान मुखेडजवळच्या आमच्या गावची विहीर. तिला आमचा हात लागत नसे. माय घागर खाली ठेवून बाजूला उभी राही. काठावरून कुणाला दया आली तर पोहरा वरून ओतला जाई. मी तिच्या लुगड्याला धरून. ती बाई घडवायची. घागर रिकामी, चेहरा वर, काठाकडे. विद्यार्थिदशेपासून हे चित्र उराशी आहे. फलकावर काय लिहायचे ते लिहोत.

१८ मार्च
मूर्ती खांद्यापर्यंत आली. आतून पोकळ, भिंत दोन बोटे जाड. हे वारे ओल टिकू देत नाही. एक बाजू आधी वाळली की तडा. म्हणून अहोरात्र ओली पोती गुंडाळावी लागतात. म्हणजे पाणी.
सौ. : "टँकरच्या रांगेत मी मरायचं, आन् पाणी पिणार ही?"
तह झाला : अंघोळ परातीत बसून करायची, खाली साचेल ते पाणी पोत्यांवर. प्रस्तुत कलाकृतीस आमच्या स्नानोदकाचा नित्य अभिषेक घडतो. शेजारच्या काशीबाई भिंतीवरून, "मास्तर, लई नशीबवान बाई हाय तुमची. रोज अंघोळ!" त्यांच्या घरी चार दिवसांआड.
हसलो. हसण्यासारखे नव्हते.

२७ मार्च
सौंदर्यीकरण समितीचे आगमन. मूर्ती पूर्ण, पोती उतरवली. अभियंतासाहेब दोनदा प्रदक्षिणा घालून थांबले.
"छान आहे. पण घागरीतून पाणी पडलं पाहिजे. कारंजं."
"साहेब, पाणी?"
"ते बघू पुढं. तुम्ही पाइपला भोक ठेवा. आन् मान खाली घ्या हिची. स्वागताला उभी आहे ना? नम्र पाहिजे. ही तर भांडायला आल्यासारखी बघून राहिली."
मी म्हणालो, "अवश्य."
हा 'अवश्य' शब्द मी घडवलेल्या सर्व वस्तूंत सर्वाधिक पक्का भाजलेला आहे.
तांत्रिक अडचण नाही. माती आता चामड्यासारखी घट्ट आहे. तारेने मान कापावी, खाली कलवावी, पातळ चिखलाने सांधावी. वाळल्यावर जमणार नाही. करायचे तर याच आठवड्यात.
सौ. : "करा की मग. भावाचं काम अडकलंय, तुम्हाला मानेची पडलीय."

३० मार्च
माय आली. गावातली बोअर गेली, म्हणून एस.टी.ने मुखेडहून. पिशवीत ज्वारीचे पीठ आणि (हे विशेष) पाण्याची बाटली. "तुमच्यात कमी पडू नये म्हनून."
मूर्तीपाशी थबकली. स्वतःच पोते बाजूला केले.
"ही कोण हाय रं, बाबू?"
"तूच."
तिने मूर्तीच्या हनुवटीला बोट लावले. मग : "मी कुठं अशी वर बघत व्हते? मान वर केली की शिव्या यायच्या. खाली बघूनच उभं ऱ्हायचं. वरल्यांचे पाय तेवढे दिसायचे."
म्हणजे ज्या प्रतिमेवर आयुष्यभराची कलासाधना (!) उभी, ती मुळातच घडली नव्हती. वर पाहत होतो तो मी. लहान होतो, मला कुणी शिव्या देत नव्हते अजून.
म्हटले, बरेच झाले. साहेबही मान खाली करा म्हणतात. उद्या कापतो.
माय उसळली. "त्यो म्हनला म्हनून? आमी घातली की खाली जलमभर. हिला तरी बघू दे."
"काम जाईल, माय."
"जाऊ दे म्हनत न्हाई मी. तुझं तू बघ." आणि सुनेला हाक मारून चहाचे विचारू लागली.

१ एप्रिल
तार घेऊन उभा राहिलो. मानेभोवती खूण केली. तार लावली, थोडी दाबलीही. मग...
पोती काढून टाकली. वाळू दे. आता भोकही नाही, मान खालीही नाही.
सौ. पदर खोचून भावाला फोन करायला पोस्टात गेली.

९ एप्रिल
साहेबांना सांगितले : वाळली, आता बदल अशक्य. निम्मे सत्य. उरलेले निम्मे बोलण्याइतके धैर्य नव्हते.
"औशाला सिमेंटवाला आहे, मास्तर. पाहिजे तशी मान करून देतो. आम्ही तुम्हाला संधी दिली. तुमच्या समाजातला एखादा माणूस पुढं यावा म्हणून मी स्वतः शब्द टाकला होता."
'दिली', 'टाकला'. क्रियापदे सगळी वरून खाली येणारी.
शेवटी : भाजून होऊ द्या, समिती बघेल, ठेवायची ठरली तर घागरीला ड्रिलने भोक पाडू.
हा सगळा वेळ मी मान खाली घालून ऐकत होतो. बाहेर आल्यावर लक्षात आले.

१७ एप्रिल
भट्टी लावली. परसात, विटा रचून, मूर्तीभोवतीच बांधली. लाकूड दुर्मीळ, म्हणून तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पळाट्या, बाभळीची मुळे. पहिल्या दिवशी नुसती मंद ऊब. घाई केली तर आतल्या ओलीची वाफ होऊन मूर्ती फुटते. तार दाबली होती तिथे एक बारीक रेघ आहे, सांधली आहे. धरेल असे वाटते. वाटण्यास पुरावा नाही.
माय तुराट्या मोडून देते. सौ.ने विचारले, "आत्याबाई, धुराचा त्रास होतोय ना?" "होतोय की. तू बस इथं, मी भाकरी टाकते." दोघी जागा बदलतात. मला कुणी विचारत नाही.

१९ एप्रिल
काल आग पूर्ण चढवून दार लिंपले. आज निवण्याची वाट पाहणे.
दुपारी आतून 'टण्ण' असा आवाज. एकदाच.
माय : "काय वाजलं रं?"
"वीट असेल."
"वीटच असंल," सौ. म्हणाली. आमच्या बाजूने तिने काही बोलल्याचा या महिन्यातला पहिलाच प्रसंग. भावाच्या बदलीचे विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.
आत्ता शिपाई निरोप देऊन गेला. समिती उद्या सकाळी येणार, सोबत ड्रिलवाला. औशाचा माणूसही. भट्टी उघडून तयार ठेवा.
विटांना हात लावून पाहिला. लावता येत नाही. अवेळी उघडली तर गार वाऱ्याने आतले सगळेच तडकेल. वाट पाहिली तर समितीचा खोळंबा. हे मायला समजावले. सविस्तर. तापमानविषयक.
तिने मध्येच तोडले.
"मग नगं उघडू. येतील तर येऊ दे. उभं ऱ्हातील जरा बाहेर."