फक्त कम्पाइल करायचं राहिलंय

१४ जुलै, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. सातिवलीतल्या आमच्या युनिटमध्ये लिनक्स कळणारा मी एकटाच. कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.
कळंबच्या बोटींवर आमचे डबे आहेत. बोट कुठे आहे ते डबा किनाऱ्यावर कळवतो. त्यात बग सापडला. सलग नऊ तास चालला की डबा गोठतो. बोट पुढे जाते, डबा जुनीच जागा सांगत राहतो. माझ्या हाताखालच्या जीनाने दोन ओळींचा फिक्स लिहिलाय. फक्त कम्पाइल करायचं राहिलंय. मासेमारीची बंदी ३१ला उठते. युनिटचे प्रमुख रिचर्ड सर, त्यांना म्हणालो, दोन दिवस द्या.

१५ जुलै
किरकोळ अडचण. त्या चिपचा क्रॉस-कम्पायलर जुन्या मशीनवर होता. ते मशीन मी जूनमध्ये फॉरमॅट करून नवं उबंटू टाकलं, लिनक्सचाच एक प्रकार. बॅकअप घेतला नव्हता. जुन्या मशीनचा कसला बॅकअप?
सरांना समजावलं: आपण इथे लिहिलेलं डब्यातल्या चिपला कळेल असं करून देणारं ते हत्यार. गेलं तर नवीन घडवायचं. सरांनी विचारलं, जमेल ना? नुसता हसलो.

१७ जुलै, सकाळी ११.२०
कम्पायलर घडवायला घेतला. बिल्ड फेल. शेवटची ओळ: एरर २. जीना म्हणाली, सर, शेवटची नको, पहिली एरर वाचा. नोकरीला लागून दोन वर्षं झालीत हिला.
दोष उबंटूचा. ठरलं, आता लिनक्सचा दुसरा प्रकार, फेडोरा.

२१ जुलै
फेडोरावर वेगळाच मेसेज. म्हणे तुमचा मेक नावाचा प्रोग्राम फार जुना आहे. नवा टाकला. तरी फार जुना. गेल्या महिन्यातला टाकला. फार जुना.
जीनाने बघितलं. म्हणाली, तपासणारी स्क्रिप्टच जुनी आहे, तिला नवे नंबर ओळखता येत नाहीत. जे ओळखता येत नाही त्याला ती जुनं म्हणते. आपला मेक उलट जास्त नवा आहे. ही शक्यता माझ्या मनात होतीच.
मग म्हणाली, मेलरॉय सरांना फोन करू. मूळ कम्पायलर त्यांनीच बांधलेला. आता रिटायर होऊन वटारला केळीची बाग बघतात. मी नको म्हणालो. त्यांच्या निरोप समारंभाच्या भाषणात मीच म्हणालो होतो की यापुढे कंपनी आधुनिक पद्धतीने चालेल. आता कुठल्या तोंडाने फोन करू? म्हणजे, गरजही नाही.

२५ जुलै
तिसरा प्रकार, डेबियन. जी तपासणी अडवेल ती काढून टाकली. एकूण अकरा काढल्या. कम्पायलर तयार! घरी फोन करून बायकोला, स्वप्नाला, सांगितलं. तिने विचारलं, डबा चालला का?
डबा सुरूच होत नाही. त्या डब्यातच काहीतरी बिघाड असणार. दुसरा घेतला. त्यातही बिघाड.

३० जुलै
जीनाचे दोन प्रस्ताव. एक, जुनंच उबंटू व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या आतल्या नकली कम्प्युटरवर, टाकून तिथे बांधू. ही माघार झाली. दोन, तोवर बोटवाल्यांना सांगू, दर सहा तासांनी डबा बंद करून परत चालू करा. मी म्हणालो, असं सांगितलं की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. सरांनाही तसंच पटवलं. दोन दिवसांत फिक्स येतोय, कशाला घाबरवायचं?
संकल्प: उद्यापासून पहिली एरर वाचायची.

४ ऑगस्ट
बोटी गेल्या. मी चौथा प्रकार, आर्च, टाकतोय. मूड चांगला.

७ ऑगस्ट, गुरुवार
कळंबच्या दिनानाथकाकांची बोट काल पहाटे उलटली. त्यांनी डब्यावरचं मदतीचं बटण दाबलं होतं. डब्याने आदल्या संध्याकाळची जागा पाठवली. शोधणारे तिथे गेले. तिथे नुसतं पाणी.
दुपारी दुसऱ्या एका बोटीला काका आणि एक खलाशी दिसले, रिकाम्या कॅनला धरून तरंगत होते. काकांचा धाकटा भाऊ काशिनाथ नव्हता. तो सकाळपर्यंत त्यांच्याबरोबर होता.
समुद्र खवळलेला होता. डबा नीट असता तरी

८ ऑगस्ट
जीनाने काल संध्याकाळी मला न विचारता मेलरॉय सरांना फोन केला. कुठली आवृत्ती कशाबरोबर लागते ते त्यांनी चर्चच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवलं. तिने व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं उबंटू टाकलं. चाळीस मिनिटांत कम्पायलर बांधून झाला. डबा सुरू झाला. रात्रभर, बारा तास चालवून बघितला, जागा बरोबर.
दिशा माझीच होती, असं सरांना सांगायला उठलो होतो. केबिनच्या दारातून परत आलो.

११ ऑगस्ट, सोमवार
काशिनाथ काल अर्नाळ्याच्या बाजूला किनाऱ्याला लागला.
आज मी आणि जीना कळंबला. तेवीस डब्यांत नवा प्रोग्राम भरला. दिनानाथकाका ओट्यावर बसून होते. दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीचा डबा त्यांनीच आणून दिला. गाडीत मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. लिनक्सचा प्रकार बदलला की काय काय होतं, ते साध्या भाषेत.
त्यांनी विचारलं, "ह्याला दुरुस्त करायला येळ किती लागला?"
"चाळीस मिनिटं," मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली आणि डबा हातात घेऊन निघाले.
परतताना जीना बाहेर बघत होती. मी म्हणालो, "रिपोर्टमध्ये उशिराचं कारण म्हणून माझं नाव लिही." हे बोलायला मला सातिवलीचा फाटा येईपर्यंत वेळ लागला होता.
ती म्हणाली, "लिहिलंय, सर. शुक्रवारीच पाठवला."