रॉइसनं वर केलेला हात

रविवार, ५ मे

मुद्दाम पुलाकडच्या रस्त्यानं आलो. अकरा मैल जास्त पडले. सरळ आलो असतो तर रॉइसच्या दारावरून यावं लागलं असतं. सख्खा मोठा भाऊ, आणि सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही. दारात त्याचा ट्रक उभा आहे की नाही, एवढं तरी दिसलं असतं. पण मग गाडी हळू केली असती मी. आणि तो व्हरांड्यात बसलेला असता तर?

तलावाकाठी मिस वाइनेलच्या दुकानामागची तीच खोली मिळाली. "सहा वर्षांनी उगवलास, एम्मेट. केस कुठे ठेवून आलास?" म्हणाली. रॉइसचं नाव काढलं नाही. तिनं ते काढलं नाही, हे माझ्या लक्षात आलं – आणि तेही बहुतेक तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी पायरीवर पक्कड घेऊन बसलो आणि बारा गळांची टोकं आत वळवली. मासेमारीच्या स्पर्धेआधी सरावाचे तीन दिवस हेच गळ. बास मासा आमिष तोंडात घेतो, ओढतो, काही टोचत नाही म्हणून सोडून जातो. आपल्याला जागा कळते, त्याला इजा होत नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी तो तिथेच असतो. निदान असावा.

आजपासून दुसरा नियमही लागू. तलावाबद्दल, मासे कुठे आहेत याबद्दल, कुणाकडून अवाक्षर ऐकायचं नाही. कानावर आलंच तर डेलबर्ट पूलला कळवायचं. स्पर्धा तोच चालवतो, सहा वर्षांपूर्वीही तोच चालवायचा. जिंकणाऱ्याला शेवटी खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसवतात. मला त्या यंत्राची भीती नाही. मी स्वतःला रोजच बसवतो.

सोमवार, ६ मे

पहाटे पाचला उतारावर बोटी सोडायची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. धरणाजवळ एकेचाळीस बोटी मोजल्या, मग मोजणं सोडलं.

टालोसी दमलेला तलाव आहे. फेब्रुवारीपासून दर शनिवारी इथे कुठली ना कुठली स्पर्धा असते. इथल्या माशांनी दुकानातलं प्रत्येक आमिष पाहिलंय, काहींनी दोनदा. बोटीवर पाण्याखालचं दाखवणारा पडदा आहे, त्यावर दिसत होतं मला – मासा वर येतो, आमिषामागे हातभर चालतो, बघतो, वळतो. दोरी बारीक केली. आमिष बोटाच्या पेराएवढं केलं. तरी येतो, बघतो, वळतो.

तेरा तासांत एकदा ओढ. ती सुटल्यावर मनगटात काही तरी राहिलं, जेवताना काटा धरला तेव्हाही होतं.

मंगळवार, ७ मे

न्याहारीला मिस वाइनेलची बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा, डोक्यावर बियाणाच्या कंपनीची टोपी, मित्राला सांगायला लागला, "अरे, परवा त्या रेल्वेच्या पुलाखाली–"

मी उठलो. ताटली तिथेच.

"काय रे, ग्रेव्ही खारट झाली का?" मिस वाइनेल.

"नाही. ते तलावाबद्दल बोलतायत."

"मग काय हवामानाबद्दल बोलावं? बस खाली. क्लीटस, तू तोंड मिट. या बाळाला कानानं विटाळ होतो."

सगळे हसले. मी बाहेर जाऊन डेलबर्टला फोन केला. म्हटलं, रेल्वेचा पूल एवढं कानावर पडलंय, तेव्हा मी तिकडे जाणार नाही, नोंद करून ठेव.  तो म्हणाला, "एम्मेट, पुलाखाली बास असतात हे माझ्या आजीलासुद्धा ठाऊक होतं, आणि तिला पाण्याची भीती वाटायची." मग म्हणाला, "बरं. लिहिलं."

माझ्याशी बोलताना त्याचा आवाज अजूनही सावध होतो. मला ते समजतं.

सहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत रॉइस आणि मी याच खोलीत होतो. दुसऱ्या दिवसअखेर तो पहिला होता, मी चौथा. तो दाढी करत होता आणि फोन वाजला. काठावर घर असलेला कुणी ओळखीचा माणूस. मासे कुठे सरकलेत ते सांगत होता. रॉइसनं ऐकून घेतलं. फोन कापला नाही, एवढंच मी पाहिलं. सकाळी उतारावर जाऊन मी डेलबर्टला सांगितलं. त्यानं रॉइसला स्पर्धेतून बाद केलं, दोन वर्षं बंदी घातली. मी चौथ्याचा तिसरा झालो. हे एक जागा वर सरकणं मी कधी विसरू शकलेलो नाही.

रॉइस ओरडला नाही. बोट ट्रकला लावताना एवढंच म्हणाला, "मला आधी विचारायचंस की, एम."

त्या माणसानं सांगितलेल्या जागी तो गेला असता की नाही, हे मला माहीत नाही. विचारलंच नाही मी. नियम मोडला होता हे खरं. मी खरं बोललो हेही खरं. पण विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आज दोन ओढी. दोन्ही लहान.

बुधवार, ८ मे

तो दिसला.

सरावाचा शेवटचा दिवस. दुपारी तलावाच्या पश्चिमेच्या फाट्यात शिरलो, तिथे जुन्या बोटींच्या शेडची रांग आहे, पत्रे गंजलेले. एवढ्या उथळ पाण्यात कुणी येत नाही. वळण घेतलं आणि समोर ती हिरवी पत्र्याची बोट. पाठ बघूनच ओळखलं. डावा खांदा थोडा खाली, वडिलांसारखा. तो स्पर्धेत नाही, बंदी संपल्यावरही उतरला नाही. आपला एकच गळ घेऊन बसला होता.

मी इंजिन बंद केलं. ऐंशी-नव्वद हात अंतर असेल. हाक मारावी असं वाटलं, आणि मारली असती तर काय म्हणालो असतो तेच सुचेना.

तेवढ्यात तो वळला. उजवा हात डोक्यावर नेला, दोनदा जोरात हलवला, मग शेवटच्या शेडकडे फेकल्यासारखा केला. तिकडे, असा. लगेच दोरी गुंडाळली, मोटर सुरू केली आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेला. जागा मला सोडून.

लहानपणी तो असाच हात करायचा. मी मागे राहिलो की. इकडे ये, इथे आहेत.

मी किती वेळ बसून होतो कोण जाणे. मग शेवटच्या शेडपाशी गेलो. लांबूनच आमिष टाकलं, पत्र्याच्या सावलीत. चार ओढी, एका पाठोपाठ. जड. शेवटच्यानं तर आमिष धरून डोकं झटकलं, खांद्यापर्यंत कळलं, आणि सोडलं.

त्याच्या ट्रकचा रंग अजून तोच आहे का, हे बघायला परतताना त्याच्या रस्त्यानं आलो. ट्रक नव्हता.

गुरुवार, ९ मे

पहिला दिवस. टोकं सरळ असलेले गळ. शेवटच्या शेडखाली पाच मासे, एकोणीस पौंड. एकशे बारा बोटींत दुसरा.

मंचावर डेलबर्टनं विचारलं, "या तलावात एवढे मोठे मिळतात कुठे, मास्तर?" लोक हसले. मीही हसलो. उत्तर दिलं नाही, कुणीच देत नाही.

मासे टाकीतून पाण्यात सोडताना प्रत्येकाचं तोंड तपासलं.

शुक्रवार, १० मे

आज पहिला. सव्वा पौंडानं पुढे.

जेवण गेलं नाही. मिस वाइनेलनं टोमॅटो सँडविच झाकून ठेवलंय.

वर्गात मुलांना मी सांगतो, प्रश्न नीट मांडा, उत्तर अर्धं तिथेच असतं. तर मांडतो. रॉइसनं हात केला. तो हात म्हणजे जागा दाखवणं होतं का? दाखवणं असेल, तर मला माहिती मिळाली, मी ती वापरली, आणि दोन दिवसांचे दहा मासे माझे नाहीत. नसेल, तर मासे माझे. यंत्रापुढेही मी शांतपणे म्हणू शकेन – नाही, मला कुणी काही सांगितलं नाही. सुई हलणार नाही. मी तो फाटा आपणहून शोधला होता, रॉइस नसता तरी मी त्या शेडपर्यंत गेलो असतो. बहुतेक.

पण तसं म्हणायचं, तर त्या हाताला काही अर्थ नव्हता असंही म्हणावं लागेल. माणूस आळस देतो तसा वर गेलेला हात.

ते मला म्हणता येत नाही. मासे देता येतील. सहा वर्षांनी त्यानं मला जवळ बोलावलं, इथे आहेत म्हणाला – हे नाही देता येणार.

शनिवार, ११ मे

बोटी सुटायच्या आधी डेलबर्टला गाठलं. सगळं सांगितलं. तो कॉफीचा कप हातात धरून ऐकत होता, प्यायला नाही.

"तो काही बोलला?"

"नाही. हात केला."

"हात केला." त्यानं मान हलवली. "एम्मेट, तू पहिला आहेस. कुणाची तक्रार नाही. कुणी पाहिलं नाही. हात तर मीही करतो लोकांना."

"तो जागा दाखवत होता."

"तुला खात्री आहे?"

"हो," म्हणालो. लगेच म्हणालो. आता वाटतं, प्रामाणिकपणापेक्षा ते मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, कुणाच्या तरी कागदावर लिहिलेलं बघायचं होतं – की माझ्या भावानं मला खूण केली.

त्यानं लिहिलं. आजची बोट थांबवली, दोन दिवसांचं वजन बाजूला ठेवलं, अंतिम निर्णय सोमवारी. कागदावर सही केली मी. मग त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "आता रॉइसला विचारावं लागेल मला. नियमच आहे. नाव आलंय ना त्याचं."

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं.

म्हणजे मी पुन्हा तेच केलं. त्याच उतारावर, त्याच माणसाला, त्याच भावाचं नाव दिलं. आणि पुन्हा त्याला आधी विचारलं नाही. त्याचं घर चार मैलांवर आहे. काल संध्याकाळी अख्खा वेळ होता माझ्याकडे. मी खोलीत बसून प्रश्न मांडत होतो.

उतारावरून बोटी एकेक करून गेल्या. लाटा येऊन माझ्या रिकाम्या जागेवर आपटत राहिल्या. मिस वाइनेलनं पैसे घेताना विचारलं, "कुणाला काही निरोप?" म्हणालो, नाही. ती म्हणाली, "दोघे भाऊ सारखेच. एक बोलत नाही आणि दुसरा नको त्या माणसाशी बोलतो."

दोन तास गाडी चालवून घरी.

रविवार, १२ मे

मदर्स डे. आई तिकडे टालोसीच्या दफनभूमीत. कालच फुलं ठेवून यायला हवी होती, तेही सुचलं नाही. रॉइस गेला असेल. तो चुकवत नाही.

फोन चार वेळा हातात घेतला. त्याचा नंबर पाठ आहे. तो बदललाय की नाही, ते माहीत नाही.

सोमवार, १३ मे

शाळेत गेलो. मुलांनी विचारलं, सर, जिंकलात का? म्हटलं, नाही. दुपारी डेलबर्टचा फोन येऊन गेलेला, मी वर्गात होतो. उलट फोन केला नाही.

सहाच्या सुमारास दारात ट्रक. रंग नवा आहे.

रॉइस पायरीवर उभा. म्हातारा दिसला. आत ये म्हणायच्या आधीच त्यानं उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. मनगट अजून सुजलेलं, जांभळं, तीन ठिकाणी टोचल्याचे डाग.

"गांधीलमाश्या," म्हणाला. "त्या शेवटच्या शेडमध्ये पोळं आहे. त्या झटकत होतो. डेलबर्टला हेच दाखवून आलोय. तुझं वजन त्यानं परत लावलंय, पण तिसरा दिवस कोरा, म्हणून नववा आहेस. मी खूणबिण काही केली नाही, एम. मी तुला पाहिलंसुद्धा नाही."

मी हात धरून बघत राहिलो. बराच गरम होता.

"एवढंच सांगायला दोन तास आलास?"

"फोनवर तुझा विश्वास बसला नसता," तो म्हणाला आणि माझ्या बाजूनं आत गेला. स्वयंपाकघरात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कॉफी आहे का?"

कॉफी टाकलीय. तो आत बसलाय. एवढं लिहून उठतो.