अंधारातली पाहणी

कुंभकोणम, १८ जून २०२४

ती. सौ. पंकजाक्कास नंदिताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते. काल आमच्या विज्ञान केंद्राच्या तारांगणात आडुतुरैच्या शाळेची मुलं होती. त्यांच्यामागे एक बाई आणि त्यांचा मुलगा येऊन बसले. अंधारात मी तमिळमधून शनीची कडी सांगत होते. त्या मुलाने दोन चांगले प्रश्न विचारले. दिवे लागले तशा बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आपल्या मराठीत, म्हणजे तिथे मला एकटीलाच कळेल असं, त्याला म्हणाल्या की गळा गोड आहे, पण हे कोड भरलेलं तोंड रोज उजेडात कोण बघणार. तो त्यांच्यामागून बाहेर पडला. मी मराठी आहे हे त्यांना कुणी सांगितलं, तेवढं कळत नाही.

मुलांना पापा. आठवण असू दे.
तुझी नंदिता


बंगळूर, २४ जून

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

त्यांना तुला बघायला मीच पाठवलं होतं. तंजावूरची मंडळी. मुलगा जयकुमार, बँकेत आहे. आधी तुझा आवाज ऐकू दे, असा माझा बेत होता. तो फसला.

आता रागावू नको. परतताना ते सुंदरपेरुमाळ कोयिल गावी आईकडे थांबले आणि त्यांना चैत्रा आवडली. तिलाही तो आवडलाय. आई म्हणते, धाकटीचं तरी मार्गी लागू दे. १४ जुलैला निश्चितार्थ, म्हणजे साखरपुडा. त्या दिवशी तू ड्यूटी मागून घे, फोटोंत उगाच प्रश्न नकोत. मात्र जेवणानंतर सगळे तारांगण बघायला येतील. तेव्हा सांगायला तूच हवीस, तुझ्यासारखं कुणाला येत नाही. दिवे लागायच्या आत बाजूला झालीस की पुरे.

जिवाला जप.
तुझी अक्का


कुंभकोणम, ८ जुलै

ती. सौ. पंकजाक्कास सा. न. वि. वि.

ड्यूटी मागून घेतली. काल जयकुमार १४ तारखेसाठी तारांगणातल्या जागा राखायला आला. त्या दिवशी आईला गप्प करायला हवं होतं, असं माझ्याकडे बघून म्हणाला. माणूस वाईट नाही. मग घुटमळत त्याने विचारलं, हे घराण्यात चालतं का. मी म्हटलं, हे लागत नाही, धोकाही नाही, पण काही घरांत चालतं. तिथे थांबता आलं असतं. थांबले नाही. गेल्या महिन्यात चैत्राची वेणी घालताना मानेखाली पांढरा ठिपका दिसला होता, तेही सांगितलं. तो जागा न राखताच गेला.

चैत्राला त्या ठिपक्याचं अजून ठाऊक नाही. तू मोठी, तूच सांग.

माया उरली असेल तर राहू दे.
नंदिता